सह्याद्रीतल्या जांभळ्या बेडकाचे नातेवाईक थेट सेशेल्समध्ये! नवी प्रजाती कशी तयार होते?

डुकरासारखं टोकदार नाक, फुगलेलं जांभळं अंग आणि बारीक डोळे. या बेडकाचा फोटो तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आला असेल. 'कुरूप' म्हणून तो व्हायरल होतो, पण त्याची खरी गोष्ट नात्यांची आहे.

हा बेडूक सापडला कधी?

२००३ मध्ये केरळच्या इडुक्की जिल्ह्यातल्या या बेडकाची शास्त्रीय नोंद एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोसाइट यांनी केली. नाव ठेवलं नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस. म्हणजे नासिका, बेडूक आणि सह्याद्री! स्थानिक लोकांना मात्र तो आधीपासून माहीत होता. वर्षभर जमिनीखाली राहून तो वाळवी खातो आणि पावसाच्या सुरुवातीला काही दिवसच प्रजननासाठी वर येतो. म्हणूनच तो संशोधकांच्या नजरेतून इतकी वर्षं निसटला.

नातं कसं ठरवतात?

दिसण्यावरून ठरवलं तर फसायला होतं. माती उकरणारे अनेक बेडूक असेच गोलमटोल असतात, कारण सारखं काम करणाऱ्यांची शरीरं सारखी घडत जातात. म्हणून शास्त्रज्ञ डीएनए तपासतात. दोन प्रजातींचा पूर्वज जितका अलीकडचा, तितकं त्यांचं नातं जवळचं.

जांभळ्या बेडकाचा डीएनए जुळला तो सेशेल्स बेटांवरच्या बेडकांशी. ही बेटं केरळपासून जवळपास ३,००० किलोमीटर दूर, मध्ये समुद्र. त्यातला एक बेडूक तर जेमतेम १ सेंटिमीटरचा, आणि आपला जांभळा साधारण ७ सेंटिमीटरचा!

मग हे नातं आलं कुठून?

बेडूक समुद्र पोहून गेले नाहीत, जमीनच सरकली. भारत आणि सेशेल्स एकेकाळी जोडलेले होते. साधारण ६.५ कोटी वर्षांपूर्वी ते वेगळे झाले आणि दोन्हीकडच्या बेडकांचा संपर्क कायमचा तुटला. असा संपर्क तुटला की दोन्ही गटांत वेगवेगळे बदल साठत जातात. फरक पुरेसा वाढला की प्रजाती वेगळ्या होतात.

यासाठी समुद्रच मध्ये यावा लागतो का?

नाही, डोंगरही पुरतो. २०१७ मध्ये तमिळनाडूत, पश्चिम घाटाच्या पूर्व उतारावर, जांभळ्या बेडकाची दुसरी प्रजाती नोंदवली गेली: नासिकाबॅट्रॅकस भूपती. सरीसृप आणि उभयचरांचे अभ्यासक एस. भूपती यांच्या स्मरणार्थ हे नाव दिलं गेलं. पश्चिमेकडचा बेडूक नैऋत्य मोसमी पावसाच्या वेळी प्रजनन करतो, तर पूर्वेकडचा ईशान्य मोसमी पावसात. मध्ये डोंगर आणि विणीचा हंगामही वेगळा. मग दोघांची जोडी जमणार कशी?

याने आपल्याला काय फरक पडतो?

दोन प्रजातींना एकच समजलं तर एक संपत आली तरी कळणार नाही, कारण दुसरी दिसतच राहील. शिवाय या कुळात आज या दोनच प्रजाती ज्ञात आहेत. त्यांचे बेडूकमासे वाहत्या ओढ्यातल्या खडकांना चिकटून वाढतात. ओढा अडवला किंवा वळवला, तर पुढची पिढीच धोक्यात येते.

त्या ओढ्यासोबत फक्त एक विचित्र बेडूक जाणार नाही. भारत आणि सेशेल्स कधीकाळी एकत्र होते, याचा जिवंत पुरावाही जाईल.