गिटारचे दुखणे ओळखा

घरातल्या माळ्यावर किंवा शाळेच्या सामानाच्या खोलीत धूळ खात पडलेली एखादी गिटार तुमच्या पाहण्यात आहे का? तारा गंजलेल्या, सूर लागत नाही, तार दाबली की खरखर होते. मग “बिघडली आहे” असा शिक्का बसतो आणि ती अडगळीत जाते. पुष्कळदा तिचे दुखणे अगदी साधे असते. नव्या तारा, एक मऊ फडके आणि पेन्सिल एवढ्यावर ती पुन्हा बोलू लागते. मात्र वैद्य जसा आधी नाडी पाहतो आणि मग औषध देतो, तसे आपणही आधी कारण शोधायचे आणि मगच हात लावायचा.

तारेचे तीन नियम

मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६३६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कंप पावणाऱ्या तारेचे नियम मांडले. तारेची लांबी निम्मी केली की कंपनसंख्या दुप्पट होते. ताण चौपट केला तरी ती दुप्पट होते. तारेचे दर सेंटिमीटरचे वजन चौपट केले तर ती निम्मी होते.

आता गिटारकडे पाहा. तिच्या सहाही तारांची लांबी जवळजवळ सारखीच, सुमारे ६५ सेंटिमीटर असते. तरीही सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते आणि सर्वांत बारीक तार सुमारे ३३० वेळा! हा फरक मुख्यतः वजनाचा आहे. जाड तारांवर बारीक तार गुंडाळलेली दिसते ना? त्यामुळे तार जड होते, पण लवचीक राहते.

सहा पोलादी तारांचा एकूण ताण सुमारे ७० किलोग्रॅम वजनाइतका असतो, म्हणजे एक मोठा माणूस गिटारला लोंबकळत आहे असे समजा! नायलॉनच्या तारांचा ताण याच्या जवळपास निम्माच असतो. म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा : नायलॉनच्या तारांसाठी बनवलेल्या गिटारवर पोलादी तारा कधीही चढवू नका. तिची घोडी उखडेल, दांडी वाकेल आणि साधे दुखणे कायमचे होईल. तार बदलताना ती आधी सैल करा, मगच काढा. ताणलेली तार कापली तर तिचे टोक डोळ्याला लागू शकते. शिवाय एका वेळी एकच तार बदला, म्हणजे बाकीचा ताण जागच्या जागी राहतो.

सूर का उतरतो?

नवी तार पहिले काही दिवस थोडी थोडी ताणली जाते आणि खुंटीवरचे वेढे आवळत जातात, म्हणून सूर उतरतो. हा दोष नव्हे. खुंटीवर दोन-तीन वेढे नीट एकाखाली एक द्या आणि सूर नेहमी खालून वर चढवत आणा.

खुंटी पिळताना मध्येच ‘टिक्’ असा आवाज होऊन सूर एकदम उडी मारतो का? मग तार खुंट्यांजवळच्या खाचेत अडकते आहे. तार बाजूला करून खाचेत शिसपेन्सिलीचे टोक फिरवा. पेन्सिलीतले शिसे म्हणजे ग्रॅफाइट. त्याचे थर एकमेकांवरून सहज घसरतात, म्हणून ते वंगणाचे काम करते.

बाराव्या पडद्याची परीक्षा

सतारीचे पडदे दांडीला बांधलेले असतात, ते सरकवता येतात. गिटारचे पडदे दांडीत पक्के ठोकलेले असतात. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर येतो. मोजपट्टी लावून खात्री करून घ्या.

आता या पडद्याच्या वर तारेला बोट नुसते टेकवा आणि तार छेडा. लगेच बोट उचला. तार दोन सारख्या भागांत कंप पावते आणि वरच्या सप्तकाचा घंटेसारखा सूर येतो. मग त्याच पडद्यावर तार दाबून वाजवा. दोन्ही सूर जुळले पाहिजेत. न जुळल्यास पहिला संशय जुन्या तारेवर घ्या. घाम आणि गंज यांमुळे तारेचे वजन सगळीकडे सारखे राहत नाही. नवी तार लावूनही दाबलेला सूर चढाच येत असेल, तर तारा फार उंच असाव्यात. तार खाली दाबताना ती जास्त ताणली जाते आणि सूर चढतो.

खरखर कोठून येते?

हे काम गुप्तहेराचे आहे! तार मोकळी वाजवल्यावरच खरखर होते आणि दाबल्यावर थांबते, तर खुंट्यांजवळची खाच फार खोल आहे. एकाच ठिकाणी दाबल्यावर होते, तर त्याच्या पुढचा पडदा वर आलेला असावा. सुरुवातीच्या बऱ्याच पडद्यांवर होत असेल, तर दांडी तपासा.

यासाठी जाड तारच फूटपट्टी म्हणून वापरा. ती पहिल्या पडद्यावर आणि दांडी जेथे पेटीला मिळते तेथील पडद्यावर एकाच वेळी दाबा. सातव्या पडद्यापाशी तारेखाली पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट दिसावी. फट अजिबात नसेल, तर दांडी फार सरळ झाली आहे. फट फार मोठी असेल, तर दांडी तारांच्या ओढीने पुढे वाकली आहे.

पोलादी तारांच्या गिटारच्या दांडीत बहुधा एक सळई असते. ती पिळून हा बाक कमी-जास्त करता येतो. अमेरिकेतील गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ साली अशा सळईचे पेटंट मिळाले. जाणकार कारागीर ती एका वेळी पाव फेराच पिळतो. तुम्ही मात्र दोष शोधून काढा आणि सळई, पडदे व निखळलेली घोडी त्याच्या हाती सोपवा. “खरखर होते” एवढेच सांगण्याऐवजी “तिसऱ्या तारेवर, पाचव्या पडद्यावर होते” असे सांगितलेत, तर त्याचे निम्मे काम झालेच!

लाकूड आणि हवा

लाकूड हवेतील बाष्प शोषून फुगते आणि कोरड्या हवेत आक्रसते. कोकणातल्या पावसाळ्यात गिटारची वरची फळी फुगून तारा उंच होतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात दांडी आक्रसते आणि पडद्यांची टोके बोटांना टोचू लागतात. म्हणून गिटार पेटीत ठेवा. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत ती कधीही ठेवू नका, उष्णतेने सरस मऊ होतो. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा. लाकडाला खाद्यतेल चोपडू नका. ते पुढे चिकट होते आणि धूळ धरते.

करून पाहा

बाराव्या पडद्याच्या माथ्यापासून सर्वांत जाड तारेपर्यंतचे अंतर मोजा. पोलादी तारांच्या गिटारवर ते सुमारे २.५ मिलीमीटर आणि नायलॉनच्या तारांच्या गिटारवर सुमारे ४ मिलीमीटर असते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, गिटार सुरात लावून, हे माप वहीत लिहा. शेजारी त्या दिवसाची हवा कशी होती तेही नोंदवा. वर्ष संपल्यावर आलेख काढा. जून ते सप्टेंबरमध्ये तुमची रेघ कोणीकडे वळते, ते तुमच्या गिटारकडूनच समजून घ्या.