पावसाच्या देशातलं झाड कुंडीत का कुजतं?

नर्सरीतून आणलेलं लालचुटूक ॲन्थुरियम महिना-दोन महिने दिमाखात राहतं आणि मग पानं पिवळी पडू लागतात. पाणी कमी पडलं असेल, असं समजून आपण झारी आणखी एकदा रिकामी करतो. काही दिवसांनी झाड मान टाकतं. कुंडी उलटी केली की मुळं काळी आणि लिबलिबीत झालेली दिसतात. घरातली बहुतेक ॲन्थुरियम तहानेने मरत नाहीत, ती अशी कुजून मरतात.

नवल याचं, की या झाडाचं माहेर कोलंबिया आणि इक्वेडोर या देशांत, अँडीज पर्वताच्या पश्चिम उतारांवर आहे. जगातल्या सर्वाधिक पावसाच्या प्रदेशांपैकी तो एक. तिथल्या धो-धो पावसात जे झाड कुजत नाही, ते आपल्या गॅलरीत का कुजावं? उत्तर मुळांच्या राहणीत आहे. तिथे ही झाडं शेवाळलेल्या खोडांवर किंवा जंगलात साचलेल्या भुसभुशीत पालापाचोळ्यात वाढतात. पाणी येतं, मुळांना भिजवतं आणि निथळून जातं. मागे उरते ती ओलसर हवा. जाड, मांसल मुळांवरचं स्पंजासारखं आवरण तेवढ्यात ओलावा टिपून घेतं. चिकट मातीत मात्र पोकळ्या पाण्याने भरून जातात. प्राणवायू हवेपेक्षा पाण्यातून सुमारे दहा हजार पट मंद गतीने पसरतो. मुळांना श्वास घेता येत नाही, ती कमजोर होतात आणि बुरशीचं फावतं.

म्हणून कुंडी भरताना मातीचा मोह सोडावा. नारळाच्या सोडणाचे तुकडे, लाकडी कोळसा, विटांचे बारीक खडे आणि थोडं कोकोपीट एवढं पुरतं. कोकणात आणि गोव्यात तर सोडण घराच्या पाठीमागेच पडलेलं असतं, फक्त त्यातला क्षार जाण्यासाठी ते आधी काही दिवस भिजवून पाणी बदलत राहावं. पाणी किती दिवसांनी द्यायचं, याचं वेळापत्रक नको. बोट खुपसून पाहावं आणि वरचा थर सुकला असेल तरच घालावं. बोअरवेलचं जड पाणी या झाडाला मानवत नाही. क्षार साठत जातात आणि पानांची टोकं करपतात. पावसाचं पाणी साठवता आलं तर त्यासारखं दुसरं काही नाही.

मोठ्या झाडांच्या सावलीत वाढल्यामुळे त्याला थेट ऊन सोसत नाही. शेडनेटखाली लागवड करणारे साधारण ७५ टक्के सावली देणारी जाळी वापरतात. घरात पूर्वेची खिडकी उत्तम. पण अगदी अंधारा कोपराही नको, तिथे पानं येतील, फुलं येणार नाहीत. कोकणची दमट हवा त्याला आपलीशी वाटते. विदर्भातला मे महिना मात्र फार कठीण. तिथे कुंडीखाली ओल्या खड्यांची थाळी ठेवावी आणि कूलरच्या थेट झोतापासून झाड लांब ठेवावं.

आता फुलाकडे वळू. आपण ज्याला फूल म्हणतो ते तकतकीत लाल हृदय खरं तर एक रूपांतरित पान आहे. वनस्पतिशास्त्रात त्याला महाछद म्हणतात. खरी फुलं मधल्या दांड्यावर, म्हणजे स्थूलकणिशावर, दाटीने बसलेली असतात आणि भिंगाशिवाय नीट दिसतही नाहीत. प्रत्येक फुलात स्त्रीकेसर आधी तयार होतो आणि परागकण काही दिवसांनी बाहेर पडतात, त्यामुळे त्याच फुलातलं परागण सहसा टळतं. महाछद मुळात पानच असल्याने जुना झाल्यावर पुष्कळदा हिरवा पडू लागतो. तो रोग नव्हे.

मला या झाडाची सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट म्हणजे त्याचा हिशेब. झाड वयात आलं, की प्रत्येक नव्या पानाच्या बेचक्यातून एकच फूल येतं. जितकी पानं, साधारण तितकीच फुलं. म्हणजे फुलांसाठी वेगळं औषध शोधत बसण्यापेक्षा पानं सांभाळावीत. ओल्या फडक्याने धूळ पुसावी आणि वाढीच्या दिवसांत पंधरवड्यातून एकदा पातळ केलेलं खत द्यावं. हिरवंगार पान उगाच कापू नये.

अळू, सुरण आणि पावसाळ्यात ठाण्याकडच्या बाजारात येणारी शेवळं ही सगळी याच कुळातली. अळू नीट न शिजल्यास घसा खवखवतो, तो कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. ॲन्थुरियममध्येही ते असतात, म्हणून घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवावी.

एदुआर आंद्रे या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला १८७६ मध्ये कोलंबियात हे झाड दिसलं आणि त्यांच्याच नावावरून ते ‘ॲन्थुरियम आंद्रेआनम’ झालं. १८८९ मध्ये सॅम्युएल डेमन यांनी ते लंडनहून हवाईला नेलं आणि तिथे त्याचे असंख्य रंग घडले. बियांपासून उगवलेलं प्रत्येक रोप वेगळं निघतं आणि फुलायला वर्षं घेतं. १९७४ मध्ये नेदरलँड्समधल्या पिएरिक आणि सहकाऱ्यांनी ऊतिसंवर्धनाने रोपं तयार करण्याची पद्धत मांडली. आज नर्सरीत एकसारख्या फुलांची रोपं रांगेने मांडलेली दिसतात, ती अशाच पद्धतींमुळे.

काही वर्षांनी खालची पानं गळतात, खोड उघडं पडतं आणि झाड कुंडीत डोलू लागतं. ते टाकून देऊ नये. उघड्या खोडावर फुटलेल्या मुळांभोवती ओलं शेवाळ बांधावं, ती वाढली की त्यांच्याखाली स्वच्छ सुरीने खोड कापावं आणि शेंडा नव्या कुंडीत लावावा. उरलेलं खोड सावलीत ओलसर ठेवावं. त्यालाही बाजूने कोंब फुटतात.