🌱 *मागच्या वर्षीचं कपाशी बियाणं: तारीख बघा, पण जीवही तपासा*

अनेकांच्या घरी मागच्या हंगामातलं एखादं पाकीट उरलेलं असतं. काहींनी सरळ वाणाची सरकी स्वतः राखून ठेवलेली असते. "एकच वर्ष तर झालंय, उगवेल की!" असं म्हणून ती टोबण्याआधी पाच मिनिटं काढून हे वाचा.

*बियाणं मरतं कशानं?*
नुसत्या वयानं नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत बियाणं चांगलं सुकवून उणे १८ अंशांत ठेवतात, तिथं ते वर्षानुवर्षं जिवंत राहतं. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली भट्टी पेटते आणि पावसाळ्यात हवा ओली होते. ऊन आणि ओल हेच बियाण्याचे खरे वैरी. साठवणीचा ढोबळ नियम असा: बियाण्यातली ओल १ टक्का कमी झाली की आयुष्य साधारण दुप्पट होतं. तापमान ५ अंशांनी उतरलं तरी तसंच. त्यात सरकी तेलाची. ओल आणि उष्णता मिळाली की आतलं तेल खराब होतं आणि कोंब कमजोर पडतो. म्हणून एकाच लॉटची दोन पाकिटं दोन घरांत ठेवली तर दोन तऱ्हेनं उगवतात.

*उत्पादन कुठं बुडतं?*
जुन्या बियाण्यानं वाण बदलत नाही. नुकसान दोन ठिकाणी होतं.

१) *नांग्या पडतात.* ४ × १.५ फुटांवर एकरी ७,२६० चौफुल्या बसतात. एका जागी एकच बी टाकलं आणि शेतात १०० पैकी ८० उगवले, तर १,४५० च्या आसपास जागा रिकाम्या. ६० च उगवले तर २,९०० च्या वर! एखाद-दुसरी नांगी शेजारचं झाड फांद्या वाढवून थोडीफार भरून काढतं. सलग रिकाम्या पट्ट्यात मात्र तणच माजतं.

२) *जोम कमी पडतो.* हे नुकसान लवकर दिसत नाही. कमजोर बी उगवतं, पण उशिरा. जमिनीवर पापडी धरली तर कोंब वर येतच नाही. मागून आलेलं रोप शेजारच्या झाडाच्या सावलीत दबतं, त्याची बोंडं उशिरा धरतात आणि नेमकी गुलाबी बोंडअळीच्या तावडीत सापडतात. बियाणं जास्त टाकून नांग्या कमी होतील, जोम काही वाढणार नाही.

*घरीच चाचणी घ्या*
✅ पाकिटातून किंवा पोत्यातून वरचे, मधले, तळाचे असे न निवडता १०० दाणे घ्या. औषध लावलेलं बियाणं असेल तर हातमोजे घाला.
✅ ओल्या गोणपाटावर १०-१० च्या १० ओळी मांडा. वरून दुसरं ओलं गोणपाट टाका, सैल गुंडाळी करून सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा, चिखल करू नका.
✅ *चौथ्या दिवशी* मोजा, हा झाला जोम. *बाराव्या दिवशी* पुन्हा मोजा, ही झाली उगवणशक्ती. निरोगी मुळी आणि कोंब असलेलेच दाणे धरा. वाकडे, कुजके सोडून द्या.

*निकाल कसा वाचायचा?*
🟢 ७५ किंवा जास्त, त्यातले बरेचसे चौथ्या दिवशीच: नेहमीप्रमाणे लावा.
🟡 ६० ते ७५: एका जागी दोन दाणे टाका. शेतात १०० पैकी ६० उगवले तरी दोन दाण्यांमुळे रिकाम्या जागा २,९०० वरून १,१६० च्या आसपास येतात. नांग्या भरायला पिशवीत थोडी रोपं तयार ठेवा आणि ८-१० दिवसांच्या आत भरा.
🔴 ६० च्या खाली, किंवा चौथ्या दिवशी फारच थोडे: लावू नका. दुबार लागवडीत बियाण्याचे पैसे, मजुरी आणि पावसाची ओल तिन्ही जातात.

चाचणीला १२ दिवस लागतात, म्हणून मे संपायच्या आत सुरू करा. लागवड मात्र ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्यावरच.

*साठवताना*
▪️ सरळ वाणाची सरकी चांगली सुकवूनच भरा. ओल १० टक्क्यांच्या खाली हवी. ओलसर सरकी प्लास्टिकमध्ये घट्ट बांधली तर आतल्या आतच जळते.
▪️ पोतं जमिनीवर नको, फळीवर ठेवा. खत आणि फवारणीच्या औषधांपासून लांब.
▪️ संकरित कपाशीच्या शेतातली सरकी बियाणं म्हणून राखू नका. पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत.

*दुकानातून घेताना*
पाकिटावरची चाचणीची तारीख आणि वैध मुदत वाचा. पक्की पावती, पिशवी, टॅग आणि मूठभर बियाणं हंगाम संपेपर्यंत जपा. उगवण फसली तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करताना हेच कामी येतं.

⚠️ *शेवटचं, पण महत्त्वाचं:* औषध लावलेली, उरलेली सरकी जनावरांना घालू नका आणि तेलासाठीही विकू नका. ते विष आहे.

चाचणीचा आकडा वहीत लिहा आणि आपल्या गटाच्या बैठकीत सांगा. कुणाकडचं बियाणं चांगलं, कुणाचं बाद, हे पाऊस पडायच्या आधीच कळायला हवं. 🙏