यानांगच्या पानांचें काम

थायलंडच्या ईशान्य प्रदेशाला तेथील लोक 'इसान' म्हणतात. हा शब्द संस्कृतांतील 'ईशान' यावरूनच झालेला आहे. या इसानांत व शेजारच्या लाओसमध्यें यानांग नांवाची एक वेल होते. तिचीं पानें गर्द हिरवीं, फुलें बारीक व पिवळसर असतात. कुळानें ती आपल्या गुळवेलीची बहीणच होय.

या वेलीचा विशेष असा कीं, तिचीं पानें स्वयंपाकाला हवींत, परंतु तीं सहसा ताटांत येत नाहींत. पानें पाण्यांत घालून हातानें चुरडतात, पाणी गाळून घेतात आणि चोथा टाकून देतात. त्या हिरव्यागार पाण्यांत बांबूचे कोंब शिजवून 'केंग नो माई' नांवाचें कालवण करतात. त्यांत मिरची, अळंबीं, आंबवलेल्या माशांचा रस व भिजवून वाटलेला चिकट तांदूळ घालतात.

या पानांत एक प्रकारचा डिंक असतो. त्यामुळें रसाला दाटपणा येतो. आपल्याकडील वासनवेल याच कुळांतली. तिच्या पानांचा रस पाण्यांत काढून ठेवला, तर थोड्या वेळानें तो थिजतो, हें पुष्कळांना ठाऊक असेल. व्हिएतनाममध्यें यानांगचा रस असाच थिजवून त्याच्या वड्या साखरेच्या पाण्यांत घालून खातात. त्यांस 'सुओंग साम' म्हणतात.

आतां एक महत्त्वाची गोष्ट. यानांगच्या रसानें कोंबांचा कडवटपणा मोडतो, अशी तेथें समजूत आहे. चवीपुरती ती असो. पण कच्च्या कोंबांत कडवटपणाबरोबर विषहि असतें. कोंब चिरले, ठेंचले कीं त्यांतील एका द्रव्यापासून हायड्रोजन सायनाइड हें विष सुटूं लागतें. त्यावर खरा उपाय म्हणजे कोंब सोलून, कापून, भरपूर पाण्यांत चांगले उकळणें व तें पाणी फेकून देणें. तेथील सुगरणी हें आधीं करतात आणि मगच यानांगचा रस घालतात. विष घालविणें हें उकळण्याचें काम. रंग, गंध व दाटपणा देणें हें पानांचें.

आज यानांगचा तयार रस डब्यांत भरून परदेशांतहि विकला जातो. तो आणून ताजे कोंब शिजवूं पाहणारानें ही पहिली पायरी गाळूं नये. वेलीवर भिस्त ठेवून उकळण्याचा कंटाळा करणें धोक्याचें आहे.