‘डेंटल हायजिनिस्ट’ : एक संज्ञा आणि तिचे चिकित्सेतर क्षेत्र

दंतवैद्याच्या हाताखाली राहून रुग्णाच्या दातांवरील कीटण काढणारी, दातांस झिलई देणारी व ते निरोगी कसे राखावेत हे सांगणारी प्रशिक्षित व्यक्ती म्हणजे ‘डेंटल हायजिनिस्ट’ होय. हा व्यवसाय शरीरास कष्टप्रद आहे. मान वाकवून आणि मनगट एकाच रीतीने हालवून वर्षानुवर्षे काम केल्यामुळे मान, पाठ व मनगट यांची दुखणी या व्यावसायिकांत फार आढळतात. त्यामुळे रुग्णाच्या खुर्चीपासून दूर जाऊन, परंतु आपल्या विद्येचा उपयोग करीत, काय करता येईल, असा प्रश्न अनेकांपुढे उभा राहतो. असे काम म्हणजे व्यवसायाचा त्याग, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. या संज्ञेचा इतिहास पाहता ती समजूत टिकत नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या व्यवसायाचा उगम अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, ब्रिजपोर्ट या गावी झाला. तेथील दंतवैद्य आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ साली आपल्या मदतनीस आणि नात्याने बहीण असलेल्या आयरिन न्यूमन यांना दात स्वच्छ करण्याचे शिक्षण दिले. १९१३ मध्ये त्यांनी या विषयाची पहिली शाळा काढली. तिच्या पहिल्या वर्गातील विद्यार्थिनी १९१४ साली उत्तीर्ण झाल्या आणि त्यांतील अनेकींना काम मिळाले ते ब्रिजपोर्टच्या सार्वजनिक शाळांत. मुलांचे दात साफ करणे हा त्या कामाचा एक भाग होता. दात घासण्याचे सामूहिक पाठ देणे आणि मुखारोग्याचे ज्ञान घरोघरी पोहोचविणे हा दुसरा. किंबहुना लोकशिक्षण हेच हायजिनिस्टचे प्रमुख कार्य होय, असे फोन्स यांचे मत होते.

नावाची निवडही या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. ‘डेंटल नर्स’ ही संज्ञा फोन्स यांनी टाळली. कारण ‘नर्स’ म्हटले की रोग व रोगी यांचा बोध होतो, आणि त्यांना अभिप्रेत होते ते रोग होऊ न देण्याचे कार्य. ‘हायजिनिस्ट’ या शब्दाच्या मुळाशी आरोग्याचा वाचक असा ग्रीक शब्द आहे. न्यूझीलंडमध्ये १९२१ साली जी शालेय दंतसेवा सुरू झाली, तिने मात्र ‘नर्स’ हाच शब्द स्वीकारला आणि तेथील परिचारिका मुलांच्या दातांत भरणही करू लागल्या. ब्रिटनमध्ये आज तोच शब्द दंतवैद्यास साहाय्य करणाऱ्या व्यक्तीस लावतात. एक शब्द, दोन देश आणि दोन निरनिराळी कामे. संज्ञेवरून कार्याची कल्पना बांधणे किती धोक्याचे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

आपल्याकडे १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने या व्यावसायिकाची व्याख्या केली. (या कायद्याची जागा घेण्यासाठी राष्ट्रीय दंत आयोग कायदा २०२३ साली संमत झाला.) त्या व्याख्येचा आशय असा : दंतवैद्य वा वैद्यकीय व्यवसायी नसलेली जी व्यक्ती दातांवरील कीटण काढते, दात साफ करते वा त्यांस झिलई देते, अथवा दंतारोग्याचे शिक्षण देते, ती हायजिनिस्ट. वाक्यरचनेच्या दृष्टीने येथे ‘अथवा’ हे विकल्पबोधक अव्यय निर्णायक ठरते. त्याच्या जागी ‘आणि’ असते, तर शिक्षण हे हस्तकौशल्यास जोडलेले दुय्यम अंग झाले असते. ‘अथवा’मुळे ते स्वतंत्र लक्षण ठरते. न्यायालय काय अर्थ लावील हा प्रश्न वेगळा. परंतु निव्वळ व्याकरणाने पाहता, जी व्यक्ती उपकरण हाती न घेता केवळ शिकविते, तीही या व्याख्येत बसते.

आता या चिकित्सेतर क्षेत्राचा विस्तार पाहू. १९२३ साली स्थापन झालेली ‘अमेरिकन डेंटल हायजिनिस्ट्स असोसिएशन’ ही संस्था चिकित्सेखेरीज अध्यापन, सार्वजनिक आरोग्य, संशोधन, उद्योग, प्रशासन व स्वतंत्र उद्यम या भूमिका मानते. अध्यापनाचे ठळक उदाहरण म्हणजे एस्थर विल्किन्स. त्यांनी १९५० मध्ये सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात या विषयाचा अभ्यासक्रम सुरू केला. १९५९ साली प्रथम प्रसिद्ध झालेले त्यांचे पाठ्यपुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. उद्योगक्षेत्रात उपकरणे व दंतमंजने बनविणाऱ्या कंपन्यांना प्रशिक्षक लागतात. तेथे वेतन देणाऱ्याचे हित आणि रुग्णाचे हित यांत गल्लत होऊ न देण्याचे भान हवे. प्रशासनात विमादाव्यांची छाननी, संसर्गप्रतिबंधाची देखरेख अशी कामे येतात. अध्यापन, संशोधन वा सार्वजनिक आरोग्य यांसाठी अमेरिकेत बहुधा पदवी वा पदव्युत्तर शिक्षण अपेक्षित असते. आपल्याकडील दोन वर्षांची पदविका त्यासाठी एकटी पुरेल असे मानू नये.

सार्वजनिक आरोग्य व संशोधन या क्षेत्रांचा भाषेशी निकटचा संबंध आहे, म्हणून त्यांचा किंचित विस्ताराने विचार करणे अवश्य आहे. महाराष्ट्रात, विशेषतः स्त्रियांत, मिश्रीचे सेवन रूढ आहे. मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखू होय. ती हिरड्यांस अपायकारक आहे आणि मुखाच्या कर्करोगास कारण होऊ शकते. परंतु मराठीत तंबाखू ‘खातात’ आणि मिश्री ‘लावतात’. पाहणी करणाऱ्याने “तंबाखू खाता का?” असा प्रश्न केला, तर मिश्री लावणारी स्त्री “नाही” म्हणेल आणि तिच्या दृष्टीने ते खोटे नसेल, ती तर दात घासत असते. क्रियापद चुकले की उत्तर चुकते आणि उत्तर चुकले की सारी आकडेवारी चुकते. प्रश्नावली सिद्ध करताना मुखाची अवस्था आणि बोलीतील क्रियापद ही दोन्ही जाणणारी व्यक्ती हवी. काळवंडलेल्या हिरड्या पाहून “बाई, मिश्री लावता का?” असे विचारण्याचा सराव असलेला हायजिनिस्ट या कामी अनेक पदवीधरांहून अधिक उपयोगी पडेल, यात शंका नाही.

शेवटचा प्रश्न मराठी पर्यायाचा. ‘दंतस्वच्छक’ म्हटल्यास केवळ हाताचे काम दिसते आणि व्याख्येतील ‘अथवा’पुढील अर्धा भाग लुप्त होतो. ‘दंतपरिचारिका’ म्हटल्यास फोन्स यांनी टाळलेलाच घोटाळा ओढवतो. शिवाय व्यवसाय स्त्रियांपुरता मर्यादित भासतो. माझ्या मते ‘दंतारोग्यसेवक’ व ‘दंतारोग्यसेविका’ हे शब्द अधिक योग्य होत. ‘आरोग्यसेवक’ हा शब्द ग्रामीण महाराष्ट्रात रुळलेला आहे. तो ज्यास लावतात ती व्यक्ती सुई टोचते, घरोघर जाते, समजावून सांगते आणि नोंदवहीही ठेवते. यांपैकी कोणतेही काम करताना ती आपला व्यवसाय सोडून गेली असे कोणी म्हणत नाही.

पर्यायाची ही निवड केवळ कोशकारांची नव्हे. पदाची जाहिरात, सेवानियम व वेतनश्रेणी ही सारी संज्ञेच्या आधारे लिहिली जातात. संज्ञेत जे नाही, त्यासाठी पद निर्माण होणे कठीण. आणि पद नाही म्हणून मनगट दुखावलेल्या एखाद्या कुशल व्यक्तीची वीस वर्षांची विद्या वाया जावी, हे समाजास परवडणारे नाही.