हसविणाऱ्याची धास्ती

गंभीर नाटक चालू असता प्रेक्षागार स्तब्ध राहिले, तर प्रेक्षक तल्लीन झाले आहेत अशी नटाला स्वतःची समजूत घालता येते. विनोदी प्रयोगात स्तब्धतेचा अर्थ एकच असतो. तरीही रंगभूमीवरील नटाला हशा ओसरेपर्यंत थांबता येते; बोलपटात ती सोय नाही. मराठी बोलपटाच्या आरंभीच्या काळात चित्रणाबरोबरच संवाद मुद्रित होत, त्यामुळे कलागृहात कोणी हसावयाचे नाही! हशासाठी किती अवकाश सोडावा, हे दिग्दर्शकाने केवळ अंदाजाने ठरवावयाचे. तो कमी पडला तर पुढचे वाक्य हशात बुडते. अधिक झाला तर नट उगाच खोळंबलेला दिसतो. आज खारघरच्या एखाद्या दिवाणखान्यात तिघेचौघे मिळून जुना विनोदी बोलपट पाहतात, तेव्हा हे अवकाश लांबलेले भासतात. ते भरलेल्या चित्रगृहाच्या मापाने सोडलेले असतात.

मास्टर विनायक (१९०६–१९४७) यांनी ही जोखीम दुहेरी पत्करली. ‘ब्रह्मचारी’मध्ये दिग्दर्शन त्यांचे आणि फजिती पावणारा नायकही तेच. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्ससाठी १९३६ साली त्यांनी वि. स. खांडेकरांच्या कथेवर ‘छाया’ हा करुण बोलपट काढला होता. १९३८ चा ‘ज्वाला’ हा खर्चिक पोशाखी बोलपट मात्र साफ कोसळला. त्याच साली आचार्य अत्रे यांच्या लेखणीतून उतरलेला ‘ब्रह्मचारी’ आला. व्याख्यान ऐकून ब्रह्मचर्याची शपथ घेणारा, भिंतीवरील नट्यांची चित्रे काढून टाकणारा आणि किशोरी दिसताच डळमळणारा औदुंबर लोकांनी डोक्यावर घेतला. पाठोपाठ १९३९ मध्ये ‘ब्रँडीची बाटली’.

एवढ्या यशानंतर हिशेबी मनुष्य विनोदाचेच दुकान मांडून बसला असता. विनायकांनी त्याच वर्षी ‘देवता’ आणि १९४१ साली ‘अमृत’ हे खांडेकरांच्या कथांवरील गंभीर बोलपट केले. हसविण्याने पैसा मिळतो, पण मान मिळतो काय, ही शंका विनोदी कलावंताची पाठ सहसा सोडत नाही. विनायकांच्या ठायी तीच होती, की करुण रसाची खरी ओढ होती? दोन्ही थोडी थोडी असावीत.

संस्थाही एक टिकली नाही. हंसनंतर १९४० मध्ये नवयुग, १९४३ मध्ये प्रफुल्ल. नव्या संस्थेत जुना लौकिक बरोबर येतो, भांडवल येत नाही. १९४५ साली बिऱ्हाड कोल्हापूरहून मुंबईस हलले. १९ ऑगस्ट १९४७ रोजी, वयाच्या अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी विनायक निवर्तले, तेव्हा ‘मंदिर’ हा बोलपट अपुराच होता. दिनकर द. पाटील यांनी तो पूर्ण केला आणि १९४८ साली तो प्रदर्शित झाला. त्यात विनायकांची चिमुकली कन्या नंदा हिनेही काम केले होते.