दोरीवरून चालला तो कोण?

‘ब्रिटन्स गॉट टॅलेंट’ या आयटीव्ही वाहिनीवरच्या स्पर्धेत २०१२ साली पुडसी नावाचा कुत्रा अ‍ॅशली बटलरबरोबर नाचला आणि दोघांनी ती जिंकली. २०१५ साली ज्यूल्स ओ’ड्वायर आणि तिचा बॉर्डर कोली मटिस जिंकले. अंतिम फेरीत सगळ्यांचा श्वास रोखला गेला तो कुत्रा दोरीवरून चालला तेव्हा. नंतर उघड झालं की तो मटिस नव्हताच, त्याच्यासारखा दिसणारा चेस होता. वाहिनीने माफी मागितली, मतांचे पैसे परत देऊ केले आणि प्रेक्षकांची दिशाभूल झाली असा निर्णय प्रसारण नियामकानेही दिला. निर्णय योग्यच होता, पण खरी खोट त्याहून जुनी आहे. असे कार्यक्रम तयार खेळ तेवढा दाखवतात आणि तो कसा बसवला हे झाकून ठेवतात. त्यामुळे आपण प्राण्याला शाबासकी देतो ती भलत्याच गुणासाठी.

बर्लिनच्या हान्स घोड्याचंच पाहा. गणिताचे निवृत्त शिक्षक फॉन ओस्टेन त्याला बेरजा घालत आणि तो खूर आपटून उत्तर देई. १९०४ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने तपासणी केली, तिला कुठलीही लबाडी सापडली नाही. मग मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्टने बारकाईने पाहिलं. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसलं की हान्स चुके. ठाऊक असलं, की नेमक्या आकड्याला त्या माणसाचं डोकं नकळत किंचित वर होई आणि खूर थांबे. फुंग्स्टला हे सगळं कळल्यावरही स्वतःची ती हालचाल आवरेना. घोड्याला गणित येत नव्हतं हे खरं, पण माणसाला स्वतःलाही न जाणवणारी खूण तो वाचत होता. मला तर ही करामत बेरजेपेक्षा मोठी वाटते.

‘करमणुकीत पडद्यामागचं दाखवलं तर मजाच जाते,’ असं यावर म्हटलं जाईल. अमेरिकेतल्या केलर आणि मेरियन ब्रेलंड या दांपत्याचा अनुभव उलट सांगतो. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या हाताखाली शिकलेल्या या दोघांनी असंख्य प्राण्यांना खाऊच्या बक्षिसावर खेळ शिकवले. डुकराने लाकडी नाणी उचलून पेटीत टाकायची, असा एक खेळ होता. आधी ते झपाट्याने शिकलं. काही आठवड्यांनी मात्र वाटेतच नाणं खाली टाकून नाकाडाने उकरू लागलं, उचलून पुन्हा टाकू लागलं. खाऊ लांबणीवर पडला तरी थांबेना. रॅकूनला दोन नाणी दिली, तर तो ती सोडेचना, एकमेकांवर घासत बसे. डुक्कर जमीन उकरून अन्न शोधतं आणि रॅकून खाणं हातात घोळवतो, तोच स्वभाव शिकवणुकीवर मात करत होता. यात हसू आहेच, शिवाय त्या प्राण्याची खरी ओळखही आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: शिकवणं दाखवलं तर क्रौर्याचीही जाहिरात होईल. पण झाकलेल्या खोलीतच क्रौर्य निभावतं. तुकडा देऊन शिकवलं की चाबूक उगारून, हे चार मिनिटांच्या तयार खेळातून प्रेक्षकाला कळायला मार्गच नसतो. सराव दाखवणं बंधनकारक केलं, तर चाबूकवाल्यांना स्पर्धेत उतरणंच अवघड होईल आणि चेससारख्याचं नावही झाकलं जाणार नाही. ब्रेलंड दांपत्याचा तर धंदाच प्राण्यांच्या खेळांवर चालायचा, तरी १९६१ साली त्यांनी आपले फसलेले खेळ निबंध लिहून जगापुढे मांडले.